दोन्ही हातांनी

साहेब राजकारणात येण्यापूर्वी जनावरांचे डॉक्टर होते, हे आता फार थोड्यांच्या लक्षात आहे. ज्यांनी आपल्याला नीट ओळखलं त्यांना मताचा अधिकारच नव्हता, असं साहेब सभेत सांगायचे आणि दर सभेत हशा वसूल करायचे. वहिनींनी हा विनोद इतक्या वेळा ऐकला होता, की लोक हसण्याच्या जरा आधीच त्या पदर सावरून हसायला तयार होऊन बसत.

वहिनी म्हणजे साहेबांची बायको. पण ती ओळख फक्त सरकारदरबारी. एरवी त्या साऱ्या मतदारसंघाच्या वहिनी होत्या.

डॉक्टर असताना साहेबांची काम करायची एक पद्धत होती. बिथरलेली गाय, लाथाळ घोडा, काहीही समोर येऊ दे, डॉक्टर पुढून जायचे, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरायचे आणि त्याच्याशी गोड गोड बोलत राहायचे. "काही नाही रे राजा, काही होत नाही." जनावर त्या हातांत अगदी विरघळून जायचं, आणि तेवढ्यात कंपाउंडर मागून सुई टोचून मोकळा व्हायचा. डॉक्टरांवर एकाही जनावरानं कधी डूख धरला नाही. लाथा सगळ्या कंपाउंडरनं खाल्ल्या, त्याचा डावा गुडघा अजून थंडीत कुरकुरतो. आणि जनावर धडधाकट निघालं, तर डॉक्टर त्याच्या खांद्यावर दोन थापा मारायचे. म्हणजे सोडा याला.

एका वर्षी जनावरांची साथ आली आणि डॉक्टर घरोघरच्या गोठ्यांत दिवसरात्र फिरले. त्या पुण्याईवर ते नगरपालिकेत गेले, तिथून प्रांताच्या विधानसभेत, मग उपमंत्री झाले आणि शेवटी रस्ते आणि पुलांचे कॅबिनेट मंत्री. एवढ्या वाटचालीत त्यांनी दोनच गोष्टी बरोबर नेल्या, कंपाउंडर आणि ती पद्धत. कंपाउंडरच्या खोलीवर 'स्वीय सहायक' अशी पितळी पाटी लागली, पण म्हणून काय झालं? मोठमोठे सचिवसुद्धा फोन करून "कंपाउंडर आहेत का?" असंच विचारत.

पद्धत मात्र कोणाच्या ध्यानात आली नाही. सकाळी बंगल्यावर माणसांची रीघ लागायची. कोणाला बदली हवी, कोणाला गावात पूल हवा, कोणाच्या पोराला नोकरी हवी. साहेब प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे. काम होण्यासारखं असलं, तर माणसाच्या खांद्यावर दोन थापा पडायच्या आणि मागे उभा असलेला कंपाउंडर म्हणायचा, "करतो साहेब." काम होण्यासारखं नसलं, तर साहेब खुर्चीवरून उठायचे, त्या माणसाचा हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचे, त्याच्या डोळ्यांत बघायचे आणि म्हणायचे, "काळजीच करू नका. मी बघतो." माणूस तरंगत घरी जायचा. पुढे महिन्याभरानं कंपाउंडरचा फोन जायचा, की प्रयत्न पुष्कळ केला, पण खात्यानं अडवलं. लोक खात्याला शिव्या घालायचे, कंपाउंडरला घालायचे. साहेबांना कोणी घातली नाही. 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकलाच नव्हता ना!

साहेब लबाड होते असं मात्र कोणी म्हणू नये. त्यांना खरंच कोणाचा चेहरा पडलेला बघवत नसे. पूल त्यांनी बांधले ते अजून उभे आहेत, आणि मंत्रिपद गेलं तेव्हा त्यांच्या घरात कर्ज नव्हतं तसं घबाडही नव्हतं. फक्त दुःख दुसऱ्याच्या हातून पोहोचवायची त्यांना सवय लागली होती.

वहिनींना हे सगळं साहेब पहिल्यांदा निवडणूक हरले तेव्हा कळलं. सरकारी बंगला रिकामा करायचा होता. कंपाउंडर खोक्यांना दोऱ्या बांधत बसला होता आणि जुन्या आठवणी काढून वहिनींना हसवत होता. दिवसच तसे होते, हसलं नाही तर रडू येईल असे. त्या भरात त्यानं दोन्ही हातांची गोष्ट सांगितली. गाय, घोडा, सुई, सगळं. वहिनी पोट धरधरून हसल्या. मग हसता हसता थांबल्या.

"कंपाउंडर, लेकीच्या पहिल्या वेळी मी जायचं म्हणत होते, आठवतं? बंगल्याच्या व्हरांड्यात यांनी माझा हात धरला होता. तुम्ही तिथेच उभे होतात."

कंपाउंडरनं मान खाली घातली आणि आधीच बांधलेल्या खोक्याला आणखी एक दोरी बांधायला घेतली.

वहिनींना सगळं लख्ख आठवत होतं. अधिवेशन चालू होतं, बंगल्यावर पाहुण्यांचा राबता होता, आणि दूरच्या शहरात लेकीचे दिवस भरत आले होते. साहेबांनी दोन्ही हातांत हात घेतला होता आणि म्हणाले होते, "अधिवेशन संपू दे गं. आपण दोघं जाऊ." आणि दुसऱ्या दिवशी कंपाउंडर स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन चुळबुळत म्हणाला होता, की बाहेरच्या प्रांताचे मंत्री येतायत, या आठवड्यात काही जमेलसं दिसत नाही. नातू झाल्याचं वहिनींना फोनवर कळलं. लेकीनं तक्रार केली नाही. ती मंत्र्याची मुलगी होती, तिला सवय होती. पण त्या दिवशी व्हरांड्यात आपल्याला किती बरं वाटलं होतं, हे आठवून वहिनींना स्वतःचीच चीड आली. नवऱ्याला त्या यातलं काहीच बोलल्या नाहीत. हरलेल्या माणसाला काय बोलायचं?

पुढची निवडणूक साहेब आणखी सणसणीत पडले. मग पक्षानं त्यांना मार्गदर्शक केलं, म्हणजे घरी बसवलं. घराच्या पुढच्या दिवाणखान्यात लोकांसाठी मांडलेल्या खुर्च्यांवर हळूहळू वर्तमानपत्रं आणि इस्त्रीचे कपडे साठू लागले. साहेबांना साखरेचा आजार जडला. रोज सकाळी इंजेक्शन घ्यावं लागे, आणि कंपाउंडरचे हात आता कापत असल्यामुळे त्यानं वहिनींना संत्र्यावर सराव करायला लावून सुई शिकवली. जन्मभर दुसऱ्यांना टोचवणारा हा माणूस स्वतःला टोचायची वेळ आली की डोळे घट्ट मिटून घ्यायचा, आणि वहिनींशिवाय दुसऱ्या कोणाला दंडाला हात लावू द्यायचा नाही. साऱ्या प्रांताचे रस्ते त्यांना पाठ होते. आपल्या स्वयंपाकघरातला चहाचा डबा मात्र त्यांना अजून सापडत नव्हता.

अशात लेकीचा फोन आला. इतक्या वर्षांनी दुसरं मूल होणार होतं. नातू बापाच्या खांद्याला लागलेला, आणि हे असं अवचित. वय झालेलं, रक्तदाब वाढलेला, डॉक्टरांनी पलंगावरून उठायलाही बंदी केली होती.

"आई, या वेळी येशील ना?" ती म्हणाली. तिच्या आवाजात रुसवा नव्हता, धाकधूक होती, आणि तीच वहिनींना जास्त लागली.

"बघते," वहिनी म्हणाल्या. शब्द तोंडातून गेला आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बघते! हा तर यांचा शब्द.

त्या तडक साहेबांकडे गेल्या. साहेब वर्तमानपत्रात निवडणुकीच्या बातम्यांखाली पेन्सिलीनं रेघा ओढत होते. या वेळी पक्ष जुन्या माणसांना पुन्हा संधी देणार अशी हवा होती.

"उमेदवारांची यादी लागू दे," साहेब म्हणाले. "माझं नाव नसलं तर दुसऱ्या दिवशी निघू. पण असलं तर? ऐन वेळी मी जागेवर नाही म्हटल्यावर लोक काय म्हणतील? आणि तू गेलीस तर माझ्या सुईचं काय?"

"म्हणजे तुमचं नाव आलं तर मी इथेच."

"अगं, निवडणूक म्हटल्यावर घरात माणूस नको?"

म्हणजे सगळं त्या नावावर येऊन ठेपलं. नाव आलं तर वहिनी दुसऱ्यांदा लेकीला अंतरणार होत्या. नाही आलं तर साहेब खचणार होते, आणि त्यांचं ते घरात मुक्यानं फिरणं वहिनींनी दोनदा पाहिलं होतं. नक्की काय व्हावं असं वाटतंय, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

यादी ज्याच्या हातात होती तो माणूस मुळात साहेबांचाच. सगळे त्याला माईकवाला म्हणत, कारण साहेबांच्या सभांना माईक आणि कर्णे लावायचं काम तो करायचा. माईक लावता लावता तो व्यासपीठाच्या कडेला उभा राहून ऐकू लागला, मग मधल्या वेळात गर्दी शांत करायला बोलू लागला, आणि एक दिवस साहेबांपेक्षा त्याच्याच बोलण्याला टाळ्या जास्त पडल्या. साहेबांना त्याचं कौतुक होतं. वहिनींच्या हातचं तो वर्षानुवर्षं जेवला होता. आता तो प्रांताच्या पक्षाचा अध्यक्ष होता.

साहेबांनी भेटीची वेळ मागितली, आणि मिळाली. तीन माणसं निघाली, साहेब, कंपाउंडर आणि दुपारच्या गोळ्यांची पिशवी घेतलेल्या वहिनी.

अध्यक्षाच्या कार्यालयात बाहेर थांबायला मोठी खोली होती. मऊ सोफे, काचेचं टेबल, पाण्याच्या सीलबंद बाटल्या. साहेबांनी सोफ्यावर दोनदा हलून पाहिलं आणि जाणकारासारखे म्हणाले, "चूक आहे ही. भेटायला येणाऱ्याला इतकं मऊ बसवू नये. लवकर उठत नाही मग."

"आपल्याकडे लाकडी होत्या," कंपाउंडर म्हणाला.

"लाकडी, आणि त्यातही एक पाय आखूड!" साहेब म्हणाले, आणि दोघं म्हातारे शाळेतल्या पोरांसारखे खुसखुसले. वहिनींनी त्यांना डोळ्यांनी दटावलं, पण त्यांनाही हसू आलं होतं. नवऱ्याला असं खुलून हसताना त्यांनी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

आतल्या खोलीचं दार काचेचं होतं. आधीचा भेटायला आलेला माणूस निघत होता. माईकवाल्यानं दारापर्यंत येऊन त्याच्या खांद्यावर दोन थापा मारल्या. मागे हातात वही घेतलेली एक तरतरीत मुलगी उभी होती, तिनं लगेच काहीतरी टिपून घेतलं. वहिनींनी कंपाउंडरकडे पाहिलं. कंपाउंडर त्या मुलीकडे बघत होता, आपल्या जुन्या खुर्चीत दुसरं कोणी बसलेलं पाहावं तसा.

मग या तिघांना आत बोलावलं. माईकवाला टेबल ओलांडून पुढे आला. साहेबांना त्यानं स्वतःच्या शेजारी बसवलं, तब्येत विचारली, काकू म्हणून वहिनींची विचारपूस केली, आणि जुन्या एका सभेत ऐन भाषणात माईक बंद पडला होता त्याची गोष्ट काढून सगळ्यांना हसवलं. साहेबांनी मग विषय काढला. फार सुंदर बोलले ते. अजिबात अजीजी नाही. म्हणाले, शेवटचं एकदा लढावं म्हणतो, नदीपलीकडच्या गावांचा रस्ता राहिलाय तेवढा करून सोडून देईन.

माईकवाल्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तो खुर्चीवरून उठला. त्यानं साहेबांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाला, "साहेब, तुम्ही सांगायचं आणि आम्ही ऐकायचं. काळजीच करू नका. मी बघतो."

मागे उभ्या असलेल्या मुलीनं पेनाला टोपण लावलं.

वहिनींनी वळून कंपाउंडरकडे पाहिलं. कंपाउंडर खाली गालिचाकडे बघत होता. आणि साहेब? साहेबांचा चेहरा असा उजळला होता, की पहिल्यांदा मंत्रिपदाची शपथ घेतली त्या दिवशीही इतका उजळला नसेल. निघताना वहिनी मुद्दाम दाराशी थांबल्या आणि त्यांनी माईकवाल्याकडे सरळ पाहिलं. प्रांताच्या अध्यक्षाला त्या नजरेला नजर देता आली नाही. "या हं काकू, सांभाळून जा," म्हणत तो खोटंखोटं फोनमध्ये डोकावला.

परतीच्या गाडीत साहेबांच्या तोंडाला खळ नव्हता. प्रचाराला कोण, गाड्या कोणाच्या, जाहिरातीवर फोटो कुठला, जुना की आताचा. "आणि बघितलंस ना रे, कंपाउंडर? दोन्ही हातांनी धरला हात पोरानं. विसरला नाही तो. माणूस किती मोठा झाला तरी विसरला नाही."

"हो साहेब," पुढच्या सीटवरून कंपाउंडर म्हणाला, आणि काच खाली करून बाहेर बघत बसला.

वहिनी अचंब्यानं नवऱ्याकडे बघत होत्या. ज्यानं हा डाव काढला, ज्यानं तो हजारोंवर खेळला, त्याला आपल्यावर तोच पडल्याचा पत्ताही नव्हता. मग त्यांच्या लक्षात आलं, की नसणारच. ते जन्मभर धरणाऱ्याच्या बाजूला उभे होते. धरलेल्याला आतून काय वाटतं, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

बातमी गावभर झाली, म्हणजे साहेबांनीच ती केली. दोन दिवसांत दिवाणखान्यातल्या खुर्च्यांवरचे कपडे उचलले गेले. ज्यांनी वाटेत दिसल्यावर रस्ता बदलला होता ते "आम्हाला खात्रीच होती" म्हणत चहाला येऊ लागले. साहेब पुन्हा इस्त्रीचा सदरा घालून मधल्या खुर्चीत बसू लागले. कोणी गाऱ्हाणं घेऊन आलं की त्यांच्या डोळ्यांत चमक यायची. ज्याचं होण्यासारखं होतं आणि ज्याचं नव्हतं, दोघांनाही ते आश्वासन देत होते, कारण हातात काहीच नव्हतं.

तिकडे लेकीचा रक्तदाब आणखी वाढला. जावयानं फोन केला. जावई तसा अबोल, घुम्याच म्हणा ना. तो एवढंच म्हणाला, "ती विचारत नाही तुम्हाला. मी विचारतोय."

वहिनींनी स्वयंपाकघरात कंपाउंडरला गाठलं. तो चहाचे कप विसळत होता.

"तुम्ही सांगा त्यांना," वहिनी म्हणाल्या.

"काय सांगू, वहिनी?"

"वेड पांघरू नका. तुम्हीही पाहिलंत, मीही पाहिलं."

कंपाउंडरनं कप खाली ठेवला. "आयुष्यभर मीच सुई टोचली, वहिनी. विधवा बायांना फोन केले, पोरं घेऊन आलेल्या बापांना केले. शिव्या खाल्ल्या, काही वाटलं नाही. पण साहेबांना नाही टोचवत. हात बघा माझा."

त्यानं हात पुढे केला. तो खरंच थरथरत होता, पण नेहमी थरथरायचा त्याहून जास्त नाही.

"यादी लागेल तेव्हा कळेलच त्यांना," तो म्हणाला.

"भरल्या दिवाणखान्यात? या सगळ्या लोकांच्या देखत?" वहिनींचा आवाज चढला. "आणि तोवर लेकीनं काय करायचं? तुम्हा पुरुषांचं बरं आहे हो. एकजण गोड बोलून सुटतो आणि दुसरा हात कापतात म्हणून सुटतो."

कंपाउंडरनं खाली ठेवलेला कप पुन्हा विसळायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी सुईचं तबक घेऊन खोलीत गेल्या. साहेब पलंगाच्या कडेला बनियनवर बसले होते आणि बाहेरच्या लोकांचा कानोसा घेत होते. "गर्दी आहे ना गं? आज नदीपलीकडचे येणारेत. त्या रस्त्याचं मी—"

वहिनींनी तबक टेबलावर ठेवलं आणि त्यांच्या शेजारी बसल्या. बोलायचं वाक्य त्यांनी मनात दहादा घोळवलं होतं. पण ते उजळलेलं तोंड समोर आलं आणि वाक्य तसंच राहिलं. काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी नवऱ्याचा हात घेतला. आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"अहो," त्या म्हणाल्या.

साहेब बोलता बोलता थांबले. त्यांनी खाली पाहिलं. हे दृश्य त्यांनी हजारो वेळा पाहिलं होतं, पण दर वेळी वरचे दोन हात त्यांचे असत. आज त्यांचा हात मध्ये होता. ते त्या तीन हातांकडे बराच वेळ बघत राहिले. बाहेर कोणीतरी मोठ्यानं हसलं, खुर्च्या सरकल्या.

"नाही म्हणाला तो," साहेब म्हणाले. हा प्रश्न नव्हता.

"हो."

"तुला तिथेच कळलं?"

"हो."

"आणि कंपाउंडरला?"

"त्यांनाही."

साहेबांनी मान हलवली. बनियनमध्ये बसलेला तो माणूस एकदम फार म्हातारा दिसू लागला. वहिनींना वाटलं, हात सोडून द्यावा, काहीतरी खोटं बोलावं, नाही नाही, तसं नाही म्हणावं. पण त्यांनी हात सोडला नाही.

"मीच शिकवलं त्याला," साहेब म्हणाले. "आणि मलाच कळलं नाही. हात इतके गरम होते गं त्याचे. खरंच बरं वाटलं."

"वाटतंच," वहिनी म्हणाल्या. "मलाही वाटलं होतं."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. सुरुवातीला त्यांना उमगलं नाही. मग कुठूनतरी लांबून चालत आल्यासारखी ती आठवण त्यांच्या चेहऱ्यावर आली. तो व्हरांडा आला, ते अधिवेशन आलं. माफी मागायची त्यांना सवय नव्हती, तेही काम आजवर कंपाउंडरकडेच असायचं.

"तुला माहीत होतं? इतकी वर्षं?"

"बंगला सोडला तेव्हापासून."

"आणि बोलली नाहीस."

"तुम्ही पडला होतात तेव्हा. पडलेल्या माणसाला काय बोलायचं?" वहिनींनी हात सोडला, डोळे पुसले आणि सुई उचलली. "दंड पुढे करा. हे राहिलंय अजून."

साहेबांनी सवयीनं डोळे घट्ट मिटायला घेतले, पण मग उघडेच ठेवले. सुई गेली. त्यांनी ओठ चावला.

"लाथ मारली नाहीत, नशीब माझं," वहिनी म्हणाल्या.

साहेब हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवले नाहीत. थोड्या वेळानं ते सरळ बसले, आणि पूर्वी बंगल्यावर सकाळच्या पहिल्या माणसाला विचारायचे तशा आवाजात म्हणाले, "बोला बाई. काय काम आहे?"

"लेकीकडे जायचंय," वहिनी म्हणाल्या. "दोघांनी. बाळ येईपर्यंत, आणि आल्यावरही. यादी लागो न लागो."

एवढ्यात दार ढकलून कंपाउंडर आत डोकावला. "साहेब, नदीपलीकडची मंडळी आलीयत. काय सांगू?"

साहेब वहिनींकडे बघत होते. मग त्यांनी हात उचलला आणि वहिनींच्या खांद्यावर दोन थापा मारल्या.

उभ्या संसारात त्या खांद्यावर अशा थापा कधी पडल्या नव्हत्या.

"करतो साहेब," कंपाउंडर म्हणाला आणि वळला. दिवाणखान्याच्या दारापर्यंत गेला, तिथे थबकला, आणि गुडघा सांभाळत परत आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहऱ्यावर गोंधळ.

"वहिनी," तो म्हणाला, "काम काय आहे?"

"गाडी सांगा," वहिनी म्हणाल्या. "आजची."

"आणि बाहेरच्या लोकांना?"

"त्यांना मी सांगतो," साहेब म्हणाले. "तू राहू दे." त्यांनी सदरा अंगात घातला आणि ते दिवाणखान्यात गेले. वहिनी आतून ऐकत होत्या. खुर्च्या सरकल्या, लोक उठून उभे राहिले, कोणीतरी रस्त्याचं काढलं. "नाही," साहेबांचा आवाज आला. "ते माझ्याच्यानं होणार नाही."

ते परत आले तेव्हा वहिनी फोनवर लेकीला निघाल्याचं सांगत होत्या, आणि पलीकडून ती रडते आहे की हसते आहे ते कळत नव्हतं. साहेब कपाट उघडून त्याच्यासमोर उभे राहिले.

"अगं, माझे मोजे कुठे असतात?"

"दुसऱ्या खणात," वहिनी म्हणाल्या, आणि उठल्या नाहीत.